तिसगावचा स्फटिक आणि माझा डावा हात

मे महिन्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, अगदीच काही जमलं नाही तर सासुरवाडीला जातात. मी १९९६ च्या मे महिन्यात पाथर्डी तालुक्यात गेलो. "तिकडं काय आहे हो बघण्यासारखं?" असं शेजारच्यांनी विचारलं तेव्हा मी "दगड" असं खरं उत्तर दिलं. त्यांना वाटलं, मी चिडलोय.

ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी ही हकीकत लिहितो आहे. पाहून घ्या म्हणून नव्हे. शहाण्या माणसाने तिथं कशासाठी जाऊ नये हे कळावं म्हणून.

मी पुण्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. चोवीस वर्षं प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर माझा डावा हात थरथरायला लागला. स्वस्थ पडलेला असला की गरीब गाय. काही धरायला गेलं की सुरू. ब्युरेट म्हणजे आम्ही रसायन थेंबाथेंबाने सोडतो ती उभी काचेची नळी. तिची तोटी डाव्या हाताने सोडायची आणि खालचा फ्लास्क उजव्या हाताने फिरवायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. एक थेंब सोडायचा तिथं माझ्या हातून सहा-सात पडायचे आणि फिका गुलाबी रंग येण्याऐवजी सगळं लालभडक व्हायचं. मुलं आधी हसली, मग हसेनाशी झाली. ते हसणं परवडलं असतं.

डॉक्टर म्हणाले, धोका काही नाही, औषधही काही नाही, मनावर घेऊ नका. मुख्याध्यापक म्हणाले, "जूनपासून तुम्ही ग्रंथालय बघा. शांत जागा आहे." चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्या चांगुलपणाने मला चार रात्री झोप आली नाही. प्रयोगशाळा गेली तर माझ्याकडे काय उरतं, याचा हिशेब मी करून पाहिला होता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

अशा वेळी माणूस काय करतो? मी सांगतो काय करतो. तो माधवीताईंकडे जातो. माधवीताई म्हणजे आमच्या हिच्या भिशीतल्या मैत्रीण. त्या वर्षांत पुण्यात स्फटिकाने रोग बरे करण्याचं नवं वारं आलं होतं आणि त्यांनी आपल्या हॉलमध्ये त्याचे वर्ग काढले होते. आणि मी कोण? दरवर्षी शाळेत लिंबातून रक्त काढून दाखवणारा. सुरीला आधीच रसायन लावून ठेवायचं, लिंबू कापायचं आणि मग "मुलांनो, यात जादू नसते, फक्त आपलं अज्ञान असतं" असं टाळ्या घेणारं वाक्य टाकायचं. तो मी त्यांच्या हॉलमध्ये चटईवर मांडी घालून बसलो होतो.

त्यांच्या अटी अशा. स्फटिक पाण्यासारखा स्वच्छ हवा, सहा पैलूंचा, टोक न मोडलेला. विकत घ्यायचा नाही. जमिनीच्या पोटातून स्वतः काढायचा, आणि तोही डाव्या हाताने, कारण उजवा हात देतो आणि डावा घेतो. मिळेपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. मिळाल्यावर वाहत्या पाण्यात सात वेळा धुवायचा. हेतू कुणाला सांगायचा नाही.

शेवटची अट सोपी होती. सांगायला तोंड कुठे होतं?

आता स्फटिक आमच्या घराला नवा नव्हता. आईची स्फटिकाची माळ होती. ती ऐन उन्हाळ्यात गालाला लावली तरी थंड लागायची आणि हे हिमालयातलं कधीच न वितळणारं बर्फ आहे, असं आई सांगायची. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की तो लाल दिसतो, फूल उचललं की पुन्हा निर्मळ, मनाचंही तसंच असावं, हेही तिनेच कुठल्याशा कीर्तनात ऐकून मला सांगितलेलं. पुढे मी शिकलो आणि स्फटिक म्हणजे सिलिका, वाळूचा श्रीमंत भाऊ, हे तिला ऐकवलं. ती म्हणाली, "असेल बाबा," आणि जप चालू ठेवला. आता पन्नाशी उलटल्यावर मी स्वतःची समजूत घातली, की माझ्या मनगटावरच्या घड्याळातही स्फटिकाचाच कण बसवलेला आहे. जो सेकंदाला चुकत नाही, त्याला माझ्या हाताचं थरथरणं आवरणं काय अवघड? हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याच्या पेपरात सापडलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

करंजी घाट ओलांडून

आमच्या प्रयोगशाळेचे सेवक साळवे तिसगावकडचे. पंधरा वर्षं परीक्षानळ्या धुतलेला माणूस. माझा हात त्यांनी माझ्याआधी ओळखला होता. तास सुरू होण्यापूर्वी माझी ब्युरेट ते गुपचूप भरून ठेवत, आणि त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी त्यांना सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडे विहिरींत स्फटिक निघतात म्हणे. ते म्हणाले, "ढिगानं निघत्यात सर. भाऊ ह्याच उन्हाळ्यात विहीर खांदतोय." मग मी ती थाप मारली: शाळेसाठी नमुने आणावेत म्हणतो. साळव्यांचा चेहरा असा उजळला की थाप परत घेण्याची सोय राहिली नाही. त्यांनी त्याच दिवशी भावाला पत्र टाकलं.

एसटीने नगर गाठलं. नगरला पाथर्डीची गाडी नुकतीच सुटली होती. माझी गाडी नेहमीच नुकतीच सुटलेली असते. म्हणून जीप धरली. माधवीताईंनी प्रवासात पांढरे कपडे घालायला सांगितलं होतं. जीपमध्ये आधीच चौदा माणसं होती आणि मला मागे स्टेपनीवर बसवण्यात आलं. करंजी घाट चढून वर आलो तेव्हा माझ्या सदऱ्याचा रंग आणि रस्त्याकडेच्या शेताचा रंग एकच झाला होता. माझ्याशेजारी पाथर्डीकडचं एक जोडपं होतं, सहा महिने उसाच्या तोडीवर काढून नुकतंच घरी परतलेलं. त्या बाईने मला विचारलं, "कुणाच्या लग्नाला का?" मी मान हलवली. पांढऱ्या कपड्यांचा दुसरा अर्थ त्यांनी काढला नाही, ही त्यांची सभ्यता.

घाटानंतर मुलूख उघडाबोडका होत जातो. काळा खडक, वर बोटभर माती, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीने उभ्या शेळ्या. पुण्याच्या माणसाला हे ओसाड वाटतं. पण टेकड्या एकावर एक थर दिल्यासारख्या दिसतात आणि ते थर म्हणजे एकेका वेळचा लाव्हा, हे मला ठाऊक होतं. चोवीस वर्षं खडूने फळ्यावर काढलेली आकृती पहिल्यांदाच आडवी पसरलेली पाहत होतो. क्षणभर हात विसरलो, हे कबूल करायला हवं.

साळवे वस्ती

तिसगावच्या वेशीपाशी साळव्यांचे धाकटे भाऊ किसन सायकल घेऊन उभे होते. "जय भीम, सर," ते म्हणाले. मी घाईत "नमस्कार, हो, जय भीम" असं तिन्ही एकदम म्हणालो. पिशवी हँडलला अडकवून आम्ही वस्तीपर्यंत चालत गेलो.

वस्ती म्हणजे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आणि त्या अंगणात मी जे पाहिलं त्याने माझे पायच थबकले. पुण्यात माधवीताई ज्याचा करंगळीएवढा तुकडा मखमलीवर ठेवून डोळे मिटत, ते इथं सगळीकडे पडलं होतं. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर स्फटिकाचे धोंडे ठेवलेले. परसातल्या भाजीत शेळ्या शिरू नयेत म्हणून बुटक्या भिंतीवर स्फटिकाचे सुळे मातीत रोवलेले, आपण काचा रोवतो तसे. आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली फळी सरकू नये यासाठी एक अर्धा फुटलेला गोटा टेकवलेला. आतून हजार टोकं लखलखणारा, वरून कोंबड्यांनी यथेच्छ घाण केलेला.

"गारा हायेत त्या," किसन म्हणाले. "खांदताना लई निगत्यात. मुंबईचे शेट येत्यात कधीमधी, चांगल्या बघून नेत्यात. ऱ्हायल्याल्या आमाला."

त्यांची बायको शांताबाई चहा घेऊन आली. कपबशी माझ्या डाव्या हातात आली आणि बशीवर कप ताडताड वाजायला लागला. मी घाईने कप उजव्या हातात घेतला, बशी मांडीवर ठेवली आणि उन्हाबद्दल काहीतरी बोललो. शांताबाईने बशीकडे पाहिलं.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या तिखट रश्श्यात शिजवतात आणि त्यात लसूण किती घालायचा याला मर्यादा नसते. सोबत भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. माझं व्रत त्या ताटासमोर भाकरीच्या दोन घासांएवढं टिकलं. तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की व्रताची गणना उद्यापासून करू.

जेवताना मी सहज विचारलं, या गारांना इकडे देवाधर्मात काही स्थान आहे का.

"दुसऱ्यांचं असंल," किसन म्हणाले. "आमच्यात खडं-ताईत न्हाई. आमच्या बानं छप्पन्न सालानंतर घरातलं समदं देव गठुड्यात बांधून नदीला सोडलं. म्हनला, आता पोरं शिकतील तेच. म्हनून तर थोरला भाऊ शाळंत चिटकला. नळ्या धुईना का, पर विज्ञानाच्या घरात हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्यासारख्या मान्साजवळ."

देव नदीत सोडलेल्या माणसाच्या घरी, त्याच्याच ताटात जेवत, मी खडा शोधायला आलो होतो.

शिक्षा इथं संपली नाही. पुण्याचे विज्ञानाचे सर आले आहेत म्हणून संध्याकाळी किसननी आजूबाजूच्या वस्त्यांवरची पंधरावीस माणसं जमवली. गार कशी होते ते सरांनी सांगावं. मी डावा हात खिशात घालून उभा राहिलो.

बोलायला लागल्यावर मात्र बरा बोललो. म्हणालो, कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख तापलेल्या रसाखाली होता. तो रस निवताना आत वाफ कोंडली आणि जागोजागी पोकळ्या राहिल्या. शांताबाई मागून म्हणाली, "भाकर फुगती तसं." मी म्हणालो, अगदी तसं. मग खडकातून पाणी झिरपलं. ते पाणी आपल्याबरोबर विरघळलेली गार घेऊन आलं आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने बसवत गेलं. घाई नाही, गडबड नाही. कण कसेही बसत नाहीत. त्यांची रांग ठरलेली असते, म्हणून पैलू सहाच. आणि आत मोकळी जागा असते म्हणूनच टोक येतं.

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजी पोकळ नसती तर नुसताच धोंडा झाला असता?"

"नुसताच धोंडा."

"बराबर हाय," तो म्हणाला. हे चांदभाई, तिसगावचे सुरुंगवाले. तीस वर्षं विहिरी फोडत आलेले. त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, खिशावर होती.

कुणीतरी विचारलं, गार औषधी असते का? मी ठणकावून सांगितलं, अजिबात नाही, ही सगळी अंधश्रद्धा आहे. लोकांनी माना डोलावल्या. किसन तर अभिमानाने इकडेतिकडे पाहत होते. खिशात माझा हात लाल दोऱ्याच्या गुंडाळीवर थरथरत होता; स्फटिक मिळाल्यावर त्याला बांधायला तो दोरा माधवीताईंनीच दिला होता.

विहिरीत

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदभाईंनी सुरुंग उडवले. "सुरुंग हाय रं" अशी हाळी घातली की सगळ्यांनी लांब लिंबाखाली जाऊन बसायचं. पाच दणके झाले. चांदभाई बोटं दुमडून मोजत होते. पाच भरले, पाच उडले, म्हणजे आत कुणी रुसून राहिला नाही. धूळ खाली बसल्यावर किसन काठावर पालथे पडून आत बघायला लागले आणि एकदम म्हणाले, "पानी."

विहिरीच्या अंगाला, तळापासून दोन पुरुष उंचीवर, खडकाला भगदाड पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. किसन यारीच्या लोखंडी बादलीत बसून खाली उतरले. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणारं यंत्र. त्यांनी ओंजळ धरली, प्याले आणि तसेच ओंजळ धरून उभे राहिले. शांताबाई काठावर होती; तिने पदर तोंडाला लावला होता. त्या गावाला आठवड्यातून दोनदा टँकर येत होता आणि मी सात वेळा वाहत्या पाण्यात खडा धुवायचे मनसुबे घेऊन आलो होतो.

तासाभरात धार आटली. "कोंडल्यालं हुतं," वर आल्यावर किसन म्हणाले. "वाट दिली, गेलं." मग थोड्या वेळाने: "आजून खाली असंल." आणि मला म्हणाले, "सर, पर आत समद्या गारा हायेत. तुमचं काम झालं बगा."

माणसाचं पाणी गेलेलं आणि त्याला माझ्या कामाचं पडलं होतं. मला तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण भगदाडातली लखलख मी पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीत बसलो. स्वतःच काढायचा हट्ट मी धरला आणि त्याला "नमुना शास्त्रीय पद्धतीने घ्यावा लागतो" असं नाव दिलं. बादली हेलकावे खात उतरली. ती भगदाडासमोर थांबली. आत घागर मावेल एवढी पोकळी होती आणि सगळ्या बाजूंनी तिच्या मध्याकडे वळलेली टोकं. आजवर त्यांच्यावर उजेड पडला नव्हता. आदल्या दिवसापर्यंत ती पाण्यात होती. मी हात आत घातला. थंड, आईच्या माळेसारखं थंड. मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसणार नाही याचं बरंही वाटलं.

एक स्फटिक सुरुंगाने मुळातून सैल झाला होता. वीतभर लांब, आरपार स्वच्छ, सहा पैलू, टोक शाबूत. माधवीताईंच्या यादीतून उतरलेला. उजव्या हाताने दोर धरला होता. वरून किसन ओरडले, "सर, उजव्यानं घ्या, डावा कशाला?" मी डावाच पुढे केला. स्फटिक अलगद निघाला. मी तो उजेडाकडे धरला आणि माझा हात सुरू झाला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. मी जितका आवळायला गेलो तितका तो थरथरला आणि शेवटी बोटांतून निसटला.

खाली चांदभाई पहारीने दगड मोकळे करत होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर तो फुटला. मी वरून "चांदभाई" एवढंच म्हणू शकलो. त्यांनी वर पाहिलं, बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मी हाय. तुमी दोर सोडू नका, मास्तर."

लिंबाखाली

मला वर घेतलं तेव्हा मी सरळ लिंबाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळाने चांदभाई वर आले आणि माझ्याशेजारी बसले. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली आणि म्हणाले, "कवापास्नं हालतोय?"

मी सगळं सांगितलं. ब्युरेट, मुख्याध्यापक, ग्रंथालय, माधवीताई, दोरा. एकदा बांध फुटल्यावर शेंगोळ्यांचंही सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी आपला डावा हात माझ्यासमोर हवेत धरला. तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"आणि तुम्ही सुरुंग भरता?" मी जरा सरकून बसलो.

"धा वर्सं झाली हालतोय. हात हालतो, दगड न्हाई हालत." त्यांनी पिशवीतून वातीचा तुकडा आणि सुरुंगाची रिकामी टोपी काढली, वात त्या बारीक टोपीत सरळ बसवायची असते. समोर एक धोंडा होता. त्यावर त्यांनी डाव्या हाताचं मनगट आतल्या बाजूने टेकवलं, थोडं दाबलं, आणि बोटं पुढं सोडली. बोटं गप्प. वात टोपीत सुईसारखी गेली. "हवंत धरला की त्यो हालनारच. त्याला टेकू द्या. लोक हाताला धरून बसत्यात, थांब थांब म्हंत्यात. त्यो कशाचा थांबतो? मी भोकापाशी आदी दगूड बगतो, मग दारू."

शांताबाईने चहा आणला होता. चांदभाईंनी कपबशी माझ्या पुढ्यात केली आणि धोंड्याकडे बोट दाखवलं. मी मनगट टेकवलं. बशी डाव्या हातात घेतली. कप वाजला नाही. मी चहा संपेपर्यंत वाट पाहिली; तरी वाजला नाही. चोवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या, हिमालयातल्या बर्फापासून घड्याळातल्या कणापर्यंत सगळा स्फटिक पाठ असलेल्या माणसाला दगडाचा हा गुणधर्म कुणी सांगितला नव्हता. खरं तर, मला कधी सुचला नव्हता.

आता उरले किसन. त्यांना मी त्याच दुपारी पडवीत सांगितलं, की मी नमुन्यांसाठी आलोच नव्हतो. परवा लोकांसमोर अंधश्रद्धा म्हणालो ती माझीच होती. देव नदीत सोडणाऱ्या बापाची गोष्ट मला पुन्हा ऐकवतील, असं वाटलं. ते म्हणाले, "म्हंजी शाळंला नगं हाय का गार?"

त्यांच्या तोंडावरची ती निराशा माझ्याच्याने बघवेना. "हवी आहे," मी म्हणालो. "ती खुराड्याची द्या."

"ती? तिची टोकं मोडल्यात, सर. कोंबड्या बसत्यात. चांगली बगून देतो की."

"तीच द्या. तिला बैठक आहे."

शांताबाईने ती शेळ्यांच्या पाण्यात बुडवून एकदाच खसखसून धुतली आणि ते पाणी भाजीच्या आळ्यात ओतलं. सात वेळा मी मागितलं नाही.

पुन्हा पुणे

बारा-तेरा किलोचा धोंडा मांडीवर घेऊन मी नगरपर्यंत जीपने आणि पुढे एसटीने आलो. कंडक्टरने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "शाळेचं आहे," आणि त्या आठवड्यात हे वाक्य पहिल्यांदाच खरं झालं. माधवीताईंना दाखवला. त्यांनी मोडलेली टोकं पाहिली, एका फटीत राहिलेलं पीस पाहिलं आणि सांगितलं की हा स्फटिक मेलेला आहे, याच्यातली शक्ती निघून गेली आहे. मी दोरा त्यांना परत केला.

जूनमध्ये शाळा उघडली. साळव्यांनी आपल्या हाताने पुठ्ठ्यावर लिहिलं: "स्फटिक. किसन साळवे यांची विहीर, तिसगाव शिवार." पुठ्ठा धोंड्याला टेकवून त्यांनी मला सांगितलं की विहिरीला पाणी लागलं, अजून दोन पुरुष खाली, फार नाही, पण प्यायला पुरेल. मग ब्युरेटच्या उंचीला यावा म्हणून धोंड्याखाली एक फळी सरकवली. मी काही सांगितलं नव्हतं. किसनचं पत्र आलं असावं.

पहिल्या प्रात्यक्षिकाला मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले. ग्रंथालयाच्या किल्ल्या त्यांच्या हातात होत्या. ब्युरेट मी स्वतः भरली. डावं मनगट धोंड्यावर टेकवलं, थोडं दाबलं, बोटं तोटीवर गेली. उजव्या हाताने फ्लास्क फिरवत शेवटच्या थेंबापर्यंत आलो. मुलं माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"सर," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "तो दगड जरा बाजूला घेऊ या का? मागच्यांना दिसत नाही."

"राहू द्या, साहेब," साळवे म्हणाले. "तो हलत न्हाई."

मी तोटी सोडली. एक थेंब पडला. एकच. फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला.